हरवलेलें मूल आणि आईचा शब्द

ऑटो प्रेमिंजर यांचा 'बनी लेक इज मिसिंग' (१९६५) हा बोलपट केवळ रहस्याच्या ओढीनें पाहावयास बसलेला रसिक थोड्याच वेळांत स्वतःच आरोपीच्या पिंजऱ्यांत उभा राहतो. अमेरिकेहून नुकतीच लंडनला आलेली ॲन आपल्या चिमुकल्या मुलीला शाळेंतून आणावयास जाते, तों तेथें तें मूल कोणी पाहिलेलेंच नाहीं. आम्हीही पाहिलेलें नसतें! दिग्दर्शकानें बनीचें दर्शन मुद्दाम टाळलें आहे. त्यामुळें पोलीस अधिकारी न्यूहाउस यांची शंका आमच्याही मनांत शिरते. लॉरेन्स ऑलिव्हिये यांनीं हा अधिकारी इतक्या सौम्यपणें रंगविला आहे कीं, त्याचा अविश्वासही सभ्य वाटतो. ॲन अविवाहित माता आहे, लहानपणीं 'बनी' नांवाची तिची एक काल्पनिक मैत्रीण होती, हें कळतांच संशय बळावतो. अखेर तिला बाहुल्या दुरुस्त करणाऱ्या दुकानाकडे धाव घ्यावी लागते. पोटची पोर खरी आहे हें सांगावयास निर्जीव बाहुली साक्षीदार!

शेवट मात्र आम्हांस पटला नाहीं. (चित्रपट जुना असल्यानें उलगडा सांगण्यास प्रत्यवाय नसावा.) एव्हलिन पायपर यांच्या १९५७ च्या कादंबरींतील न्यूयॉर्कची कथा लंडनला आणतांना उलगडाही बदलला, आणि सारा दोष ॲनचा भाऊ स्टीव्हन याच्या वेडाच्या माथीं मारला. तिच्यावर अविश्वास ठेवणारीं शहाणीं माणसें त्यामुळें सहज सुटतात. तरी मुलीला वाचविण्यासाठीं ॲन त्याच भावाबरोबर बालपणींचे खेळ खेळत वेळ काढते, तेव्हां कॅरोल लिन्ली यांच्या चेहऱ्यावरील तें ओढूनताणून आणलेलें हसूं पाहवत नाहीं.