'तुंबाडचे खोत' आणि 'तुंबाड' : माध्यमांतराच्या वादात निसटलेला प्रश्न

प्रास्ताविक

साहित्यकृती आणि तिच्यावरून झालेला चित्रपट यांची तुलना मराठी समीक्षेला नवीन नाही. 'सिंहासन', 'उंबरठा', 'बनगरवाडी', 'नटरंग' या चित्रपटांच्या निमित्ताने ती वेळोवेळी झालेली आहे. या सर्व ठिकाणी मूळ कादंबरी कोणती याविषयी शंका नव्हती. चित्रपट तिच्याशी किती प्रामाणिक राहिला एवढाच प्रश्न होता. राही अनिल बर्वे यांच्या 'तुंबाड' या हिंदी चित्रपटाबाबत मात्र वादाला सुरुवातच मूळ कृती कोणती, येथून होते.

१२ ऑक्टोबर २०१८ रोजी हा चित्रपट प्रदर्शित झाला. त्यापूर्वी व्हेनिस महोत्सवातील समीक्षक सप्ताहाचा आरंभ त्याने झाला होता. पहिल्या प्रदर्शनात त्याला बेताचाच प्रतिसाद मिळाला. परंतु पुढील वर्षांत त्याचा एक निष्ठावंत प्रेक्षकवर्ग तयार झाला आणि सप्टेंबर २०२४ मधील पुनःप्रदर्शनात त्याने पहिल्या वेळेपेक्षा अधिक उत्पन्न मिळवले. साखळदंडाने बांधलेली आजी, जमिनीच्या पोटातील लालभडक गर्भगृह, सडत जाणारे आणि तरीही न मरणारे देह ही दृश्ये पाहणाऱ्याला दीर्घकाळ अस्वस्थ करतात. ज्याला 'कल्ट' म्हटले जाते असे स्थान या चित्रपटाने मिळवले आहे, याविषयी दुमत होऊ नये. प्रस्तुत लेखात त्याच्या चाहत्यांमध्ये चालणाऱ्या वादाचे स्वरूप पाहून त्यात निसटलेल्या एका मुद्द्याचा विचार करावयाचा आहे.

वादाच्या तीन बाजू

या वादात साधारणतः तीन भूमिका आढळतात. पहिली श्री. ना. पेंडसे यांच्या वाचकांची. १९८७ साली दोन खंडांत प्रसिद्ध झालेली 'तुंबाडचे खोत' ही महाकादंबरी त्यांच्या मनात असते. जगबुडी नदीच्या काठावरील एका खोत घराण्याच्या चार पिढ्यांचा उत्कर्ष आणि ऱ्हास ते शोधू पाहतात आणि पडद्यावर त्यांना हस्तर नावाचा राक्षसी देव भेटतो. नाव घेतले, परंतु कादंबरी घेतली नाही, अशी त्यांची तक्रार असते.

दुसरी भूमिका नारायण धारप यांच्या वाचकांची. बर्वे यांनी स्वतःच सांगितल्याप्रमाणे चित्रपटाचे बीज लहानपणी एका मित्राकडून ऐकलेल्या धारपांच्या भयकथेत आहे. धारपांची 'आजी' ही कथा स्टीफन किंग यांच्या 'ग्रॅमा' या कथेवर बेतलेली आहे. भावाला इजा होते, आई त्याच्यासाठी घराबाहेर पडते आणि मुलगा भयंकर आजीसोबत एकटा राहतो, ही किंग यांच्या कथेची रचना आहे. चित्रपटाच्या १९१८ मधील पहिल्या भागात हीच रचना दिसते. त्यामुळे चित्रपटाचे खरे मूळ धारपांकडे आहे, असे हे वाचक म्हणतात.

तिसरी भूमिका तरुण प्रेक्षकांची. त्यांना दोन्ही मुळांशी फारसे कर्तव्य नसते. हस्तरची कथा ही कोकणातील प्राचीन दंतकथा आहे, असे त्यांपैकी अनेकजण मानतात. वास्तविक हस्तर ही चित्रपटकर्त्यांची निर्मिती आहे. पुराणांत असा देव नाही. पाश्चात्त्य भयसाहित्यात अँब्रोज बिअर्स यांच्यापासून चालत आलेल्या 'हस्तुर' या नावाशी त्याचे साम्य उघड आहे.

तथ्याच्या दृष्टीने पाहता दुसरी भूमिका अधिक ग्राह्य ठरते. चित्रपट 'तुंबाडचे खोत'चे माध्यमांतर नाही. नाव पेंडशांचे आणि भयाचे बीज धारपांचे, असा निर्णय देऊन वाद मिटवता येईल. तथापि एवढ्याने समाधान होत नाही. 'तुंबाड' हे निव्वळ गावाचे नाव नाही. मराठी वाचकाच्या मनात त्याला 'खोत' हा शब्द जोडलेला आहे. तो जोड तुटला तेव्हा नेमके काय गळाले, हा प्रश्न या तिन्ही पक्षांपैकी कोणी विचारत नाही.

खोत आणि कुळे

खोत हा कोकणातील वंशपरंपरागत वतनदार. गावाचा सारा गोळा करून सरकारजमा करणे हे त्याचे मूळ काम. कालांतराने तो गावाचा धनीच झाला. कुळाने पिकवलेल्या भातातील अर्धा किंवा तिसरा हिस्सा, म्हणजे अर्धेल किंवा तिर्धेल, त्याच्या कोठारात जाई. शिवाय वेठ होतीच. ब्रिटिश सरकारने १८८० च्या कायद्याने या पद्धतीला चौकट दिली. खोताच्या वाड्यातील वैभव हे जमिनीतून आपोआप उगवलेले नव्हते. ते कुळाच्या खळ्यावरून आलेले होते.

पेंडशांची कादंबरी कुळांच्या बाजूने लिहिलेली आहे, असे म्हणता येणार नाही. तिची नजर वाड्यातून बाहेर पाहते. शीर्षकातच खोत आहेत. परंतु खोती ही संस्था तिच्या जगाचा पाया आहे. माणसांचा माज, त्यांची व्यसने, त्यांचे औदार्य आणि त्यांचा नाश यांना काळाचा आणि जमिनीचा संदर्भ आहे. काळ बदलतो म्हणून वाडा ढासळतो. वाचकाला या घराण्याविषयी हळहळ वाटली, तरी हे वैभव कोणत्या व्यवस्थेवर उभे होते हे त्याला विसरता येत नाही.

सोने आणि पीठ

चित्रपटाने या वास्तवाच्या जागी एक मिथक रचले आहे, आणि ते सामर्थ्यवान आहे हे मान्य केले पाहिजे. समृद्धीच्या देवीचे पहिले अपत्य असलेला हस्तर सर्व सोने मिळवतो. मात्र धान्यावर हात टाकताच इतर देव त्याच्यावर तुटून पडतात. आई त्याला गर्भात आश्रय देते, परंतु त्याची पूजा कधीही होणार नाही या अटीवर. तुंबाडमध्ये त्याचे मंदिर उभारले जाते म्हणून देवांचा कोप अखंड पावसाच्या रूपाने गावावर कोसळतो. हस्तरपाशी अमर्याद सोने आहे, पण तो भुकेला आहे. त्याला कणकेच्या बाहुलीचे आमिष दाखवून विनायक त्याच्या लंगोटातील मोहरा पळवतो.

ही कल्पना खोतीच्या इतिहासाशेजारी ठेवून पाहिली असता एक लक्षणीय गोष्ट जाणवते. खोताचे वैभव धान्यावर उभे होते. चित्रपटातील देवाला धान्यच नाकारलेले आहे. सोने आणि अन्न यांतील तणाव चित्रपटकर्त्यांनी अचूक ओळखला. कणीक आणि पिठाचे रिंगण ही त्यांची सर्वांत समर्थ प्रतिमा आहे. परंतु हे पीठ ज्या धान्याचे, ते कोणी पिकवले हा प्रश्न चित्रपटात उद्भवत नाही. 'सरकार' आहे, त्याची सेवा करणारी विधवा आहे, सावकार आहे, अफूच्या परवान्याचा व्यवहार आहे. कूळ मात्र नाही. पाऊस आहे, पण त्या पावसावर शेती करणारा माणूस कथेत नाही. सोलापूरसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यातील प्रेक्षकाला हे विशेष जाणवावे. येथे पाऊस म्हणजे प्रथम ज्वारी. पावसाला केवळ शापाचे रूप देण्यासाठी त्याच्यातून शेती वजा करावी लागते.

याचा परिणाम असा की लोभ ही सर्वस्वी व्यक्तीची आणि घराण्याची विकृती ठरते. विनायक मोहरा चोरतो त्या एका देवाच्या, माणसाच्या नव्हे. त्याच्या संपत्तीमुळे गावात कोणाच्या ताटातील घास कमी होत नाही. लोभाचे मूल्यमापन झाले, परंतु शोषणाचे राहून गेले.

कोणाचा नकार?

हा फरक चित्रपटाच्या शेवटी सर्वाधिक स्पष्ट होतो. कथा १९१८ मध्ये सुरू होते, सुमारे पंधरा वर्षांनी विनायक तुंबाडला परततो आणि १९४७ मध्ये, वाडा सरकारच्या ताब्यात जाण्याच्या सुमारास, तिचा शेवट होतो. शापग्रस्त विनायक मुलापुढे मोहरांनी भरलेला लंगोट धरतो. पांडुरंग तो नाकारतो आणि बापाला अग्नी देतो. वारसा नाकारणारा हा मुलगा प्रेक्षकाला दिलासा देतो.

याच तीन दशकांत कोकणातील प्रत्यक्ष घटनाक्रम काय होता? १९३३ साली अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांची जमीन कसण्यास नकार दिला आणि तो संप १९३९ पर्यंत चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती पद्धत नष्ट करण्याचे विधेयक मांडले; १० जानेवारी १९३८ रोजी शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर गेला. अखेरीस १९४९ च्या कायद्याने खोती रद्द झाली. म्हणजे इतिहासातही एक नकार आहे. तो वारसाचा नसून कुळांचा आहे. चित्रपटाने तो नकार धन्याच्या मुलाच्या सद्बुद्धीत रूपांतरित केला आहे.

चित्रपट म्हणजे इतिहासाचे पाठ्यपुस्तक नव्हे आणि भयपटाने कूळकायदा समजावून सांगावा अशी अपेक्षा करणे गैर आहे, असा आक्षेप येथे घेतला जाईल. तो अंशतः योग्य आहे. चित्रीकरण, कलादिग्दर्शन आणि ध्वनियोजना या अंगांनी 'तुंबाड'ने भारतीय भयपटाला दिलेली उंची या चर्चेने कमी होत नाही. परंतु चित्रपटाने काल्पनिक गाव आणि अनिश्चित काळ निवडलेला नाही. त्याने खऱ्या गावाचे नाव घेतले, पडद्यावर सनावळी दिली आणि स्वातंत्र्याचे वर्ष शेवटासाठी योजले. इतिहासाची चौकट स्वीकारल्यावर तिच्यातून कोणाला वगळले, हे विचारण्याचा अधिकार समीक्षेला प्राप्त होतो.

निष्कर्ष

१. 'तुंबाड' हे 'तुंबाडचे खोत'चे माध्यमांतर नाही. म्हणून कादंबरीशी प्रामाणिकपणाचा निकष त्याला लावणे अप्रस्तुत आहे.

२. धारप आणि त्यांच्यामागील किंग यांचे ऋण कथाबीजापुरते मान्य करावे लागते. हस्तरचे मिथक ही चित्रपटाची स्वतंत्र निर्मिती आहे.

३. कादंबरीत खोती ही संस्था आहे, कुळे मात्र दुय्यम आहेत. चित्रपटात संस्था आणि कुळे दोन्ही नाहीत. वाड्याबाहेरच्या माणसाच्या दृष्टीने हा प्रवास आणखी अदृश्य होण्याचा आहे.

४. सोने आणि अन्न यांचा संबंध चित्रपटाने प्रतिमेच्या पातळीवर ओळखला, परंतु अन्न पिकवणाऱ्याला वगळल्याने लोभाची मीमांसा नैतिक राहिली, सामाजिक झाली नाही.

आजचे बहुसंख्य विद्यार्थी तुंबाड हे नाव प्रथम चित्रपटातून ऐकतात; दोन खंडांची कादंबरी त्यांच्या हाती क्वचितच पडते आणि चरीचा संप अभ्यासक्रमात ओळखीपुरता येतो. साहित्य आणि चित्रपट हा घटक शिकवताना हा चित्रपट टाळण्याऐवजी तो कादंबरीच्या आणि खोतीविरोधी चळवळीच्या सोबत शिकवावा, असे सुचवावेसे वाटते. तसे झाल्यास मूळ कृती कोणती या प्रश्नापाशी विद्यार्थी थांबणार नाहीत. बाहुलीसाठी मळलेली कणीक कोणाच्या धान्याची, हेही ते विचारू लागतील.