एरंगेल बेटावरचे चौघे

परीक्षणाच्या या पानांवर आम्ही आजवर कथासंग्रह, कादंबऱ्या, क्वचित एखादे नाटक किंवा चित्रपट यांविषयी लिहीत आलो. या वेळी घेतलेली कृती यांपैकी काहीच नाही. तो एक खेळ आहे, आणि तोही मोबाइलवरचा. मात्र ज्या कृतीत आपल्या घरातील मुले रोज तास-दोन तास वावरतात, ती कृती म्हणून कशी आहे हे कुणी पाहिलेच नाही, तर समीक्षेने आपले काम अर्धवट टाकले असे होईल. पालक तिच्यावर ओरडतात, शिक्षक तक्रार करतात. तिचे परीक्षण मात्र कुणी करीत नाही.

संत्र्याच्या हंगामात आम्ही शेंदूरजनाघाटला एका परिचितांकडे मुक्कामास होतो. सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले हे वरूड तालुक्यातील गाव संत्र्याच्या कलमांसाठी प्रसिद्ध आहे. जंबेरीच्या खुंटावर डोळा भरावयाचा आणि तो जीव धरीपर्यंत जपावयाचा, हा इथल्या कित्येक घरांचा धंदा. संध्याकाळी रोपवाटिकेच्या कुंपणाच्या भिंतीवर चार मुले ओळीने बसलेली दिसली. चौघांच्या माना खाली, कानांत तारा, आणि शेजारी बसलेल्या मित्राशी बोलणेही फोनमधूनच. “स्मोक मार बे, स्मोक! झोन येऊन राह्यला!” असा त्यांचा गलका चालला होता. आम्ही त्यांच्या मागे उभे राहिलो आणि दोन संध्याकाळी तेथेच काढल्या.

खेळ म्हणजे पबजीचा भारतीय अवतार, ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’. मूळ खेळ आयर्लंडच्या ब्रेंडन ग्रीन यांच्या कल्पनेतून दक्षिण कोरियातील कंपनीने २०१७ साली आणला. मोबाइलवर तो २०१८ साली आला. जानेवारी २०१९ मध्ये अकरा वर्षांच्या एका मुलाने आईमार्फत त्यावर बंदी मागण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली, त्याच वर्षी मार्चमध्ये गुजरातेत राजकोटला तो खेळणाऱ्या तरुणांना अटक झाली, आणि गलवानच्या चकमकीनंतर २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने बंद केलेल्या ११८ ॲप्समध्ये त्याचाही समावेश झाला. जुलै २०२१ मध्ये तो नव्या नावाने परतला, वर्षभराने पुन्हा काढला गेला आणि मे २०२३ मध्ये पुन्हा आला.

रचना साधी आहे. शंभर जण विमानातून एका बेटावर हवाई छत्रीने उतरतात. हाती काही नसते; ओसाड घरांतून बंदुका, गोळ्या, मलमपट्टी शोधावी लागते. बेटाभोवतीचे सुरक्षित वर्तुळ आकसत जाते, जो बाहेर राहील तो मरतो, आणि शेवटी उरेल तो माणूस किंवा ती चौकडी विजयी. ही कल्पना ग्रीन यांनी ‘बॅटल रॉयल’ या जपानी चित्रपटावरून घेतली. कौशुन ताकामी यांच्या १९९९ च्या कादंबरीवर किंजी फुकासाकू यांनी २००० साली तो काढला. त्या कथेत एका शाळेचा एक वर्गच बेटावर नेऊन सोडला जातो आणि एकमेकांना मारावयास लावला जातो. तिथे मारणारा आणि मरणारा एका बाकावर बसलेले असतात, हीच तिची वेदना. खेळाने बेट घेतले, वर्तुळाचा धाक घेतला आणि ओळख तेवढी वगळली. समोरचा कोण आहे हे कळतच नाही. सुरुवातीच्या पातळ्यांवर तर त्यांतील कित्येक माणसे नसून यंत्राने चालविलेल्या बाहुल्या असतात. हे आम्ही सांगितले तेव्हा भिंतीवरच्या एका वीराचा चेहरा बराच उतरला.

पहिल्या बेटाचे नाव एरंगेल. आमच्या मुंबईच्या वाचकांना हे नाव वाचताच मढ बेटावरचे एरंगळ, तिथले संत बोनाव्हेंचर यांचे समुद्रकाठचे जुने चर्च आणि जानेवारीच्या दुसऱ्या रविवारचा सण आठवेल. संबंध काहीच नाही. ग्रीन यांनी आपल्या मुलीच्या नावावरून ते योजले. तरीही योगायोग सुटत नाही. आपल्या एरंगळला सणाला गर्दी, आणि या एरंगेलला आठ किलोमीटर लांब व तेवढ्याच रुंद प्रदेशात एकही रहिवासी नाही. घरे आहेत, शाळा आहे, इस्पितळ आहे, पोचिंकी नावाच्या गावात मधोमध चर्चही आहे. खेळाडू या साऱ्यांकडे केवळ आडोसा म्हणून पाहतो. २००७ साली इंग्लंडमध्ये सोनी कंपनीच्या एका खेळात मँचेस्टरच्या कॅथीड्रलच्या आतील भागात गोळीबार दाखविला होता. बंदुकीच्या गुन्ह्यांनी त्रासलेल्या त्या शहरातील चर्चने हरकत घेतली आणि कंपनीने क्षमा मागितली. पोचिंकीच्या चर्चविषयी कुणी हरकत घेणार नाही, कारण ते कुणाच्याच गावचे नाही. आमच्या मते कृतीचा पहिला मोठा दोष हाच. हिंसेहून हे निर्मनुष्यपण आम्हांस अधिक खटकले. ज्या युद्धात म्हातारे, बायाबापड्या, तान्ही मुले नाहीत, ते युद्ध कुणाला नकोसे वाटेल?

दुसरा दोष मृत्यूचा. खेळात मेलेल्याचे शव राहत नाही; त्याच्या जागी एक पेटी उरते आणि तीत त्याचे सामान. मारणारा धावत येऊन ती उघडतो. मृतांना मूठमाती देणे हे दयेचे काम म्हणून आपण लहानपणी पाठ केले आहे. इथे मृत म्हणजे माल. भारतीय आवृत्तीने रक्त हिरवे केले आणि ‘किल’ या शब्दाऐवजी ‘फिनिश’ योजला. आम्हांस ही सुधारणा मुळीच मानवली नाही. लाल रक्त निदान आपण काय केले ते सांगत होते. अठरा वर्षांखालील खेळाडूस दिवसाला तीनच तास हा नियम मात्र बरा. भिंतीवरच्या चौघांपैकी दोघांचे फोन वडिलांचे आणि वयही वडिलांचेच होते, ही गोष्ट वेगळी.

इतके लिहून आम्ही थांबलो असतो. पण दुसऱ्या संध्याकाळी जे पाहिले ते सांगितले नाही तर परीक्षण खोटे होईल.

चौकडीच्या खेळात गोळी लागलेला गडी लगेच मरत नाही. तो गुडघ्यांवर येतो, रांगू शकतो, आणि त्याचा जीव हळूहळू ओसरतो. साथीदाराने जवळ येऊन साधारण दहा सेकंद त्याच्यापाशी थांबले तर तो उठतो. त्या दहा सेकंदांत वाचविणाऱ्याला गोळी झाडता येत नाही. त्या दिवशी केवळ तीन चौकड्या उरल्या होत्या. आमच्यातला धाकटा उघड्या रानात पडला. तोच म्हणाला, “नको येऊ बे, दोघंही मरसान.” क्षणभर कुणी बोलले नाही. मग थोरला “येऊन राह्यलो, थांब” एवढेच म्हणून निघाला. धूर सोडला, पोचला, सात-आठ सेकंद झाली असतील, आणि दोघेही गेले. उरलेले दोघे थोड्याच वेळात संपले. भिंतीवर भांडण जुंपले. तिसऱ्याचे म्हणणे, थोरला न जाता तर आपण जिंकत होतो. हिशेबाने त्याचेच खरे. खेळाचे गुणही अखेरपर्यंत टिकणाऱ्यालाच अधिक मिळतात.

घरचे आजोबा खाटेवर बसून ऐकत होते. त्यांनी एवढेच विचारले, “मंग पडलेला गडी पुन्हा जिता व्हतो का तुमच्यात?” आम्हांस एकदम हुतूतू आठवला. जुन्या कबड्डीच्या संजीवनी प्रकारात समोरचा गडी बाद झाला की आपला बाद गडी उठतो. गामिनीत बाद झालेला सगळा संघ बाद होईतो बाहेरच राहतो. या जिल्ह्याला हा खेळ परका नाही. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याचे प्रात्यक्षिक केले होते. पण संजीवनीत आपला गडी उठतो तो दुसऱ्याला बाद करून. या मोबाइलच्या खेळात तो उठतो तो कुणीतरी शस्त्र खाली ठेवून त्याच्यापाशी थांबल्यामुळे. एवढ्यापुरता हा परका खेळ आमच्या मातीतल्या खेळाहून पुढे गेला आहे, हे मान्य करताना आम्हांस थोडा संकोच होतो. पण मान्य करावेच लागते. बनविणाऱ्यांनी ही सोय दया म्हणून ठेवली की डाव लांबविण्याची युक्ती म्हणून, याचा निवाडा आम्ही करू शकत नाही. त्या मुलांनी मात्र तिचा उपयोग पहिल्या अर्थाने केला.

भांडण मिटले नाही. तिसरा मुलगा रागावून फोन बंद करून निघाला. धाकटा काही न बोलता भिंतीवरच बसून राहिला. थोरल्याने नवा डाव लावला आणि त्याच्याकडे न पाहता विचारले, “कुठी उतरायचं?”

“पोचिंकीले,” धाकटा म्हणाला, “अन् या टायमाले मी तुह्या मांगच राहीन.”