सार्वजनिक शाळेची प्रत: निकष कोणाचे?

दहावीचा निकाल लागला की छत्रपती संभाजीनगरच्या चौकाचौकांत शाळांचे फलक झळकू लागतात. शंभर टक्के निकालाची परंपरा, गुणवंतांची छायाचित्रे आणि खाली प्रवेश सुरू असल्याची सूचना. त्याच दिवसांत जिल्हा परिषदेच्या प्रशालांविषयीही बोलले जाते. तो सूर ठरलेला असतो: सरकारी शाळा संपल्या, तेथे आता फक्त गरिबांची मुले जातात. हे वाक्य आपल्या वस्तीतही बोलले जाते आणि पोटाला चिमटा काढून इंग्रजी शाळेची फी भरणारा बापही ते बोलतो, हे ध्यानात घेतले पाहिजे. 'फक्त गरिबांची मुले' हा ज्या समाजात शाळेच्या हीनतेचा पुरावा ठरतो, त्या समाजाचे शाळा मोजण्याचे माप एकदा तपासून पाहणे अगत्याचे आहे.

दलित साहित्याच्या संदर्भात निकषांचा वाद आपण पुष्कळ केला. पांढरपेशा अभिरुचीने घडवलेली मोजपट्टी आमच्या लेखनाला लावू नका, असे आपण ठणकावून सांगितले. पण ज्या शाळेत हा लेखक आणि त्याचा वाचक दोघेही घडतात, त्या शाळेला मात्र आपण प्रस्थापितांचीच पट्टी मुकाट्याने लावतो. ती पट्टी म्हणजे निकालाची टक्केवारी.

या पट्टीचा गुण काय आणि दोष काय, हे प्रामाणिकपणे पाहू. गुण मोठा आहे. बोर्डाच्या उत्तरपत्रिकेवर आडनाव नसते, बैठक क्रमांक असतो. तपासणाऱ्याला जात दिसत नाही. वर्गात उपेक्षा सोसलेल्या मुलाला आपली योग्यता सिद्ध करण्याची ही एक उघडी वाट आहे. ती बंद करा असे म्हणणारा दलितांचा हितचिंतक असू शकत नाही. पण विद्यार्थ्याला मिळालेले गुण आणि शाळेच्या निकालाची टक्केवारी या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली विद्यार्थ्याची कमाई आहे. दुसरी एक भागाकार आहे, आणि भागाकारात छेद कोणी ठरवला हा प्रश्न नेहमी विचारावा लागतो.

राज्याच्या निकालाचेच आकडे घ्या. मार्च २०१८ च्या दहावीच्या परीक्षेचा निकाल ८९.४१ टक्के होता. २०१९ साली तो ७७.१० टक्क्यांवर आला. २०२० साली ९५.३० टक्के झाला आणि २०२१ साली ९९.९५ टक्के. चार वर्षांत महाराष्ट्रातील शाळा आधी खालावल्या आणि मग एकदम उत्तम झाल्या काय? तसे काही घडले नाही. २०१९ साली अभ्यासक्रम नवा होता आणि भाषा विषयांचे अंतर्गत गुण काढून टाकले होते. पुढच्या वर्षी ते गुण परत आले. २०२१ साली साथीमुळे परीक्षाच झाली नाही, नववीच्या आणि अंतर्गत मूल्यमापनाच्या आधारे निकाल लावला गेला. शिक्षक तेच, इमारती त्याच, फळे तेच. बदलला तो नियम. नियम बदलताच जी संख्या वीस-वीस अंकांनी हलते, ती शाळेची प्रत सांगते असे मानणे ही अंधश्रद्धाच होय.

आता एकेका शाळेकडे येऊ. शंभर टक्के निकाल कसा घडतो, हे शिक्षकांच्या खोलीत बसलेल्या कोणालाही ठाऊक असते. नववीत कच्ची मुले गाळली जातात. पालकाला बोलावून दाखला हाती दिला जातो, किंवा मुलाने बाहेरून बसावे म्हणून १७ नंबरचा अर्ज भरायला सांगितले जाते. असा मुलगा शाळेच्या पटावरून जातो आणि तिच्या निकालातूनही जातो. मी नोकरी केली त्या एका शाळेत हे 'निकाल सुधार' या नावाने चालत असे आणि त्याविषयी कोणाला संकोच वाटत नसे. गाळल्या जाणाऱ्यांच्या यादीतील वस्त्यांची नावे वाचली की यादी कशी तयार झाली हे वेगळे सांगावे लागत नसे. याला जोड कॉपीची. मराठवाड्याला हा रोग काही नवा नाही. २०१० च्या सुमारास नांदेड जिल्ह्यात कॉपीमुक्तीची मोहीम झाली आणि पुढे ती राज्यभर नेण्यात आली, ती उगाच नव्हे. कॉपीने गरिबाचे भले होते असे मानणारे कार्यकर्तेही मी पाहिले आहेत. कॉपी करून पास झालेला मुलगा अकरावीच्या वर्गात एकटा पडतो, आणि तेव्हा त्याला उत्तर पुरवणारा कोणी खिडकीत उभा नसतो.

तेव्हा पहिला निकष छेदाचा. पाचवीला किंवा आठवीला किती मुले-मुली आल्या आणि त्यांतील किती त्याच शाळेतून दहावीला बसल्या? हा निकष मी शोधून काढलेला नाही. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात शिक्षणावरील खर्चाच्या चर्चेत बाबासाहेबांनी नेमका हाच हिशेब मांडला होता. प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या १०० मुलांपैकी केवळ १८ चौथीपर्यंत पोहोचतात आणि उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत जातात, हे त्यांनी सरकारच्या नजरेस आणले. पोहोचलेल्या अठरांतील किती पास झाले याचे कौतुक त्यांनी केले नाही, हरवलेल्या ब्याऐंशींचा जाब विचारला. शतक होत आले, तरी आपल्या शहरातील फलकांवर अजून अठरांचाच निकाल लागतो.

दुसरा निकष आरंभबिंदूचा. मूल कोठून निघाले हे न पाहता ते कोठे पोहोचले एवढेच मोजणे अन्यायाचे आहे. दोन्ही पालक पदवीधर, घरी स्वतंत्र खोली, संध्याकाळी शिकवणी, अशा मुलाचे ८५ टक्के आणि दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला जाऊन उन्हाळ्याच्या तोंडावर परतणाऱ्या मुलीचे ५५ टक्के यांत शाळेचे काम कोठे अधिक झाले? अमेरिकेत १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या कोलमन अहवालाने दाखवले की विद्यार्थ्यांच्या यशातील फरकाचा मोठा भाग शाळेच्या साधनसामग्रीपेक्षा घरच्या परिस्थितीशी निगडित असतो. इंग्लंडमध्ये १९९२ पासून शाळांच्या निकालांचे तक्ते प्रसिद्ध होऊ लागले. श्रीमंत वस्तीतील शाळा वर आणि कामगार वस्तीतील शाळा खाली, हेच त्यांत दिसू लागले. शेवटी २०१६ पासून तेथे अकराव्या वर्षापासून सोळाव्या वर्षापर्यंत मुलाने किती प्रगती केली यावर शाळा मोजण्याची पद्धत आणावी लागली.

परंतु येथे एक धोका आहे, आणि तो आपल्याच बाजूने संभवतो. घरच्या गरिबीचा दाखला देऊन शाळेला मोकळे सोडण्याची सवय आपल्यातील काही शिक्षकांना लागली आहे. 'ही पोरे अशीच' असे सवर्ण शिक्षक म्हणाला तर आपण संतापतो. तेच वाक्य आपला शिक्षक सहानुभूतीच्या स्वरात म्हणतो तेव्हा ते तितकेच घातक असते. गरिबी हे कारण असेल, सबब होऊ शकत नाही. आठवीतल्या मुलीला अपूर्णांकांची बेरीज येत नसेल तर व्यवस्थेवर भाषण देऊन ती येणार नाही, शिकवावी लागेल. म्हणून दुसऱ्या निकषाचा अर्थ कमी अपेक्षा असा नाही. निघालेल्या जागेपासून शाळेने किती अंतर चालवून नेले, हे कठोरपणे मोजणे असा आहे.

तिसरा निकष साधनांचा. गणित, विज्ञान आणि इंग्रजीच्या जागा भरलेल्या आहेत काय? प्रयोगशाळेच्या कपाटाला कुलूप आहे की मुलांच्या हाती परीक्षानळी जाते? मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी आहे काय? हे प्रश्न किरकोळ वाटतात, पण वयात आलेली मुलगी शाळा सोडते त्याची कारणे बहुधा याच किरकोळ गोष्टींत सापडतात. शिवाय जागा रिकाम्या ठेवणारे, शिक्षकाला शाळाबाह्य कामांना जुंपणारे आणि मग निकाल कमी म्हणून त्याच शाळेला नालायक ठरवणारे शासन एकच असते. शाळेची प्रत पाहताना शासनाचीही प्रत पाहावी.

चौथा निकष प्रतिष्ठेचा. कोणत्याही अधिकृत तपासणीच्या प्रपत्रात तो मला दिसला नाही. वर्ग कोण झाडतो? पाणी कोणाच्या हातून घेतले जाते? शिष्यवृत्तीचे अर्ज भरताना 'शिष्यवृत्तीवाल्यांनी उभे राहा' असे भर वर्गात म्हटले जाते काय? मुलाच्या घरच्या बोलीला अशुद्ध म्हणून हसले जाते, की त्या बोलीवर उभे राहून प्रमाणभाषा शिकवली जाते? ज्या शाळेत शंभर टक्के मुले पास होतात पण दहा मुले मान खाली घालून बसतात, ती शाळा उत्तम नव्हे.

हे सारे मराठवाड्यात अधिक जिव्हाळ्याने बोलावे लागते, याला इतिहास आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता. वरच्या वर्गांचे शिक्षण प्रामुख्याने उर्दूतून आणि शाळा मोजक्या. मराठी बोलणाऱ्या अस्पृश्याच्या मुलापुढे जातीची भिंत होती आणि तिच्यामागे परक्या माध्यमाची दुसरी भिंत. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादेत महाविद्यालय काढले ते हा मागासलेपणा पाहूनच. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपाला आले. त्याच्या पहिल्या पिढ्यांनी मराठवाड्याला लेखक, प्राध्यापक आणि कार्यकर्ते दिले. त्या वर्षांची टक्केवारी कोणी लक्षात ठेवली आहे काय? लक्षात राहिले ते हे की ज्यांना दार बंद होते त्यांना तेथे दार मिळाले.

पण महाविद्यालयापर्यंत पोहोचायचे तर आधी माध्यमिक शाळा हवी. उर्वरित महाराष्ट्रात माध्यमिक शिक्षण प्रामुख्याने खाजगी संस्थांनी उभे केले. मराठवाड्यात सरकारी शाळांचा वारसा होता आणि १९६२ साली जिल्हा परिषदा आल्यावर तो त्यांच्याकडे गेला. म्हणून येथे जिल्हा परिषदेच्या प्रशाला अधिक आढळतात. मी स्वतः अशाच एका प्रशालेत शिकलो. तेथे देणगी नव्हती आणि संस्थाचालकांची जातही नव्हती. करातून उभी राहिलेली ही शाळा आपली आहे, हा दावा सांगता येत होता. करदात्या शेतकऱ्याचा पैसा वरच्या वर्गाच्या शिक्षणावर उधळला जातो, ही तक्रार जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे केली होती. सार्वजनिक प्रशाला ही त्या तक्रारीची उशिरा का होईना झालेली थोडी भरपाई आहे. ती मोडकळीस आली तर उरणाऱ्या शाळेच्या दारावर फीचे दरपत्रक असेल. २००१ साली शासनाने कायम विनाअनुदानित शाळांचे धोरण आणले तेव्हाच ही दिशा ठरली होती. २००९ साली त्यातील 'कायम' हा शब्द काढला गेला, पण तोवर शिक्षण ही विकत घेण्याची वस्तू आहे हे लोकांच्या मनात रुजले होते.

तेव्हा करायचे काय? विद्यार्थी, शिक्षक आणि कार्यकर्त्यांना माझे सांगणे साधे आहे. निकालाच्या दिवशी फलकापुढे उभे राहू नका, मुख्याध्यापकाच्या टेबलापुढे उभे राहा. जनरल रजिस्टर पाहायला मागा. मिळाले नाही तर २००५ चा माहितीचा अधिकार आहे. पाच वर्षांपूर्वी पाचवीत नोंदलेली नावे एका बाजूला लिहा आणि यंदा दहावीला बसलेली दुसऱ्या बाजूला. जी नावे मधे गळाली त्यांच्या घरी जा. ऑक्टोबर २०११ मध्ये शासनाने राज्यभर पटपडताळणी केली आणि कागदावर असलेली पण वर्गात नसलेली मुले शोधली. आपल्याला उलटी पडताळणी करायची आहे: वर्गात असायला हवी होती आणि कागदावरूनही नाहीशी झाली ती मुले शोधायची आहेत.

हे काम खाजगी शाळेतही करा आणि प्रशालेतही करा. प्रशाला आपली आहे म्हणून तिला सूट नको, उलट आपली आहे म्हणून तिच्याकडून हिशेब अधिक कडक घ्या. ज्या शाळेने दहा मुलांना घेतले आणि दहाही जणांना दहावीपर्यंत ताठ मानेने आणले, त्यांतले सात पास झाले आणि तिघांसाठी ती पुन्हा वर्ग भरवते आहे, ती शाळा मी शंभर टक्केवालीच्या वर ठेवीन. ज्यांना ही क्रमवारी मान्य नाही त्यांनी त्या तीन मुलांना कोठे पाठवायचे हे सांगावे.