फोनमध्ये न मावणारा स्वर

ॲना लॅपवुडबद्दल दोन तऱ्हेचं बोललं जातं. काहींच्या मते ती ऑर्गनला तरुणांपर्यंत नेणारी तारणहार आहे. काहींच्या मते बाखच्या वाद्यावर सिनेमाचं संगीत वाजवून लाइक्स गोळा करणारी. गंमत अशी, की दोन्हीकडे चर्चा तिच्या फॉलोअर्सची होते, वादनाची फारशी नाही.

आपल्याकडे ऑर्गन म्हटलं की संगीत नाटकातली पायपेटी आठवते. इथला ऑर्गन वेगळा. तो इमारतीतच बांधलेला असतो. लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधल्या १८७१च्या ऑर्गनला ९,९९९ नळ्या आहेत, हाताचे चार कीबोर्ड आहेत आणि पायांसाठी वेगळा. प्रत्येक सभागृहातलं वाद्य निराळं, त्यामुळे वादकाला कुठल्या नळ्या कधी बोलवायच्या याची जुळणी दर ठिकाणी नव्याने करावी लागते. दिवसा सभागृह रिकामं नसतं, म्हणून हे काम रात्री चालतं. २०२२ मध्ये असाच रात्रीचा सराव करताना बोनोबो या इलेक्ट्रॉनिक संगीतकाराच्या चमूने तिला ऐकलं आणि आपल्या कार्यक्रमात वाजवायला बोलावलं. त्या वादनाचा व्हिडिओ जगभर फिरला.

पण तिची कारकीर्द त्या व्हिडिओने सुरू झालेली नाही. १९९५ मध्ये जन्मलेली लॅपवुड ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजची पहिली स्त्री ऑर्गन स्कॉलर. २०१६ मध्ये, वयाच्या २१व्या वर्षी, ती केंब्रिजच्या पेम्ब्रोक कॉलेजची संगीत संचालक झाली. २०२५ मध्ये रॉयल अल्बर्ट हॉलने तिला आपली अधिकृत ऑर्गनवादक नेमलं. व्हिडिओ आला तेव्हा पाया पक्का होता.

सिनेमाच्या संगीताचा आक्षेप तर फारच कच्चा आहे. एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलच्या सेंट जॉर्जेस हॉलमध्ये डब्ल्यू. टी. बेस्ट ऑपेरांचे तुकडे ऑर्गनवर वाजवत असे. सामान्य माणसाला ऑर्केस्ट्रा ऐकायला मिळणं दुर्मीळ होतं, तेव्हा गावचा ऑर्गनच ऑर्केस्ट्रा व्हायचा. शिवाय ‘इंटरस्टेलर’चं संगीत लॅपवुडने ऑर्गनवर ओढूनताणून आणलेलं नाही. हान्स झिमरच्या मूळ रचनेतच ऑर्गन आहे. तो लंडनच्या टेम्पल चर्चमध्ये रॉजर सेअरने वाजवलेला आहे.

माझा प्रश्न दुसरा आहे. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. पाहणारा पहिल्या काही सेकंदांत थांबला की पुढे सरकला, या एका प्रश्नाभोवती आमच्या धंद्यातली कितीतरी डोकी राबतात. त्या काही सेकंदांत ऑर्गनचं काय पोहोचतं? ३२ फुटी नळीचा सर्वांत खालचा स्वर सुमारे १६ हर्ट्झचा. तो कानापेक्षा अंगाला, बाकाला, जमिनीला कळतो. फोनचा इवलासा स्पीकर त्याच्या आसपासही जात नाही. पोहोचतात ते लॅपवुडचे पेडलवर पळणारे पाय आणि चेहऱ्यावरचा आनंद. एरवी ऑर्गनवादक श्रोत्यांकडे पाठ करून, बऱ्याचदा उंच गॅलरीत दडून बसतो. शतकानुशतकं न दिसलेले कष्ट तिने दाखवले, हे तिचं मोठं काम आहे. आवाज मात्र फोनमध्ये मावत नाही. त्यासाठी सभागृहातच जावं लागतं, आणि लोक जातात.

तिथे गेल्यावर त्यांना काय मिळतं, हे मात्र तपासायला हवं. २०२१च्या ‘इमेजेस’ या अल्बममध्ये तिने ब्रिटनच्या ‘पीटर ग्राइम्स’ ऑपेरातल्या चार सागरी मध्यांतर-रचना स्वतः ऑर्गनसाठी लिहून वाजवल्या आहेत. ऑर्केस्ट्रात व्हायोलिनचा एकच उंच स्वर धरल्याधरल्या फुलतो, बारीक होतो. ऑर्गनची पट्टी हळू दाबा नाहीतर जोरात, आवाज तेवढाच. म्हणजे प्रत्येक ओळीला काय सोडायचं आणि त्याजागी कुठल्या नळ्या आणायच्या, हा निर्णय आला. हे निर्णय इथे ऐकू येतात. पहाट कोरडी, थंड वाटते. वादळात गोंगाट नाही, वजन आहे.

२०२३च्या ‘लुना’मध्ये ही झुंज सैल पडते. डेब्युसीचं चांदणं आणि मॅक्स रिक्टरचा संथ प्रकाश शेजारी येतात तेव्हा दोघांतला फरकच पुसट होतो. डेब्युसीच्या स्वरसंगतीत दडलेली अस्वस्थता त्या एकसारख्या मऊ रंगात विरघळते. एकेक तुकडा सुंदर आहे, पण सलग ऐकताना कुठेच कान टवकारत नाहीत. व्हिडिओच्या जगाची खरी लागण मला इथे दिसते. ती सिनेमाच्या निवडीत नाही. प्रत्येक रचनेने लगेच, विनाअट आवडून घ्यावं, या हट्टात ती आहे.

ऑर्गनकडे एक गोष्ट आहे जी पियानोकडे नाही: बोट उचलेपर्यंत स्वर मरत नाही. म्हणूनच मेसियाँसारखा संगीतकार या वाद्यावर श्रोत्याला इतका वेळ एका स्वरसंगतीत थांबवू शकला. थांबणं हा या वाद्याचा स्वभाव आहे, आणि स्क्रोल करणाऱ्या बोटाला नेमकं तेच जमत नाही. लॅपवुडने श्रोत्यांना खुर्चीत आणून बसवलं आहे. तिच्या पिढीतल्या दुसऱ्या कुणा ऑर्गनवादकाकडे एवढा विश्वास टाकणारे इतके कान नाहीत. त्या विश्वासावर तिने आता त्यांना जरा ताटकळत ठेवावं. झिमर वाजवावाच, पण त्याच्या शेजारी असं काही वाजवावं, जे पहिल्या मिनिटात आवडणार नाही आणि दहाव्या मिनिटात सोडवणार नाही.