महागडे उपचार, आखूड आयुष्य

आठ वर्षांपूर्वी माझी थोरली बहीण मुलाकडे न्यू जर्सीला गेली असताना एका रात्री तिच्या पोटात असह्य दुखू लागले. इस्पितळाच्या इमर्जन्सी विभागात सहा तास गेले, एक सीटी स्कॅन झाला, गोळ्या मिळाल्या. महिन्याभराने आलेल्या बिलाचा आकडा भाच्याने आईला सांगितलाच नाही. कागद मात्र मला पाठवला. मी अर्थशास्त्र शिकलेलो नाही. त्या कागदामुळे या विषयाच्या वाचनाला लागलो.

तोवर माझेही मत चारचौघांसारखेच होते. अमेरिकन माणूस खातो फार, चालतो कमी आणि जरा काही झाले की तपासण्या करून घेतो. मग खर्च होणारच! हे स्पष्टीकरण आपल्याकडे अजूनही ऐकू येते, पण ते आकड्यांपुढे टिकत नाही. जपानी माणूस वर्षात जितक्या वेळा डॉक्टरकडे जातो, त्याच्या निम्म्यानेही अमेरिकन जात नाही. जेरार्ड अँडरसन, उवे राइनहार्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये श्रीमंत देशांची तुलना करून हेच दाखवले : फरक वापरात नाही, भावात आहे.

भाव का चढले? मूळ दुसऱ्या महायुद्धात सापडते. १९४२ मध्ये महागाई रोखण्यासाठी सरकारने वेतनवाढीवर बंधने घातली, पण विम्यासारख्या सवलतींना मोकळीक ठेवली. कामगार टिकवण्यासाठी मालक विमा देऊ लागले. १९५४ च्या करकायद्याने या हप्त्याच्या करमुक्तीवर शिक्कामोर्तब केले आणि विमा नोकरीला चिकटला. उपचार घेणारा एक, पैसे भरणारा दुसरा, आणि भरणारेही असंख्य तुकड्यांत विभागलेले. घासाघीस करायची कोणी?

जिथे दर सरकार ठरवते, तिथले चित्र वेगळे आहे. वृद्धांसाठीची मेडिकेअर योजना १९६५ ची. रँड संस्थेच्या अभ्यासानुसार २०२२ मध्ये खासगी विम्याने इस्पितळांना मेडिकेअरच्या दराच्या सरासरी २५४ टक्के रक्कम दिली. मेडिकेअर कमी देते म्हणून इतरांकडून वसूल करावे लागते, असे इस्पितळे म्हणतात. त्यात थोडे तथ्य असेलही. पण इस्पितळांची विलीनीकरणे होऊन स्पर्धा उरली नाही तिथे भाव अधिक चढे आढळतात, याचे उत्तर या युक्तिवादात नाही.

इन्सुलिनचे उदाहरण याहून बोलके आहे. त्याच्या संशोधकांनी १९२३ मध्ये पेटंटचे हक्क टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला दिले. १९९६ मध्ये बाजारात आलेल्या ह्युमलॉग या इन्सुलिनच्या कुपीची छापील किंमत तेव्हा सुमारे २१ डॉलर होती. दोन दशकांनी तीच कुपी सुमारे २७५ डॉलरला गेली. औषध तेच होते. मेडिकेअरने औषधांच्या किमतींची बोलणी करू नयेत, असा कायदाच २००३ मध्ये झाला होता. तो काही औषधांपुरता शिथिल व्हायला २०२२ उजाडले.

आता आरोग्य. २०२३ मध्ये अमेरिकेने राष्ट्रीय उत्पन्नाच्या १७.६ टक्के रक्कम आरोग्यावर खर्च केली, तरी सरासरी आयुर्मान ७८.४ वर्षे. जपानमध्ये ते ८४ च्या आसपास आहे. इथे सगळा दोष इस्पितळांवर टाकणे मात्र चूक ठरेल. बंदुका, रस्त्यावरचे अपघात आणि अमली पदार्थ तिथे तरुणांचे बळी घेतात. २०२१ मध्ये अमली पदार्थांच्या अतिसेवनाने लाखाहून अधिक माणसे गेली. स्थूलपणाचा मुद्दाही इथेच लागू पडतो. तो आयुष्य आखूड करतो, पण सीटी स्कॅनचा भाव ठरवत नाही. माझी गल्लत नेमकी इथे होत होती.

दोन्ही प्रश्नांना जोडणारा एक धागा ॲन केस आणि अँगस डीटन यांनी २०२० च्या आपल्या पुस्तकात दाखवला. विम्याचा वाढता हप्ता शेवटी कामगाराच्या पगारातूनच जातो; कमी शिकलेल्यांचे पगार आणि नोकऱ्या त्यामुळे आकसतात, आणि निराशेतून होणारे मृत्यू याच वर्गात वाढले. म्हणजे महागडे उपचार नुसतेच निरुपयोगी ठरत नाहीत, आजारात भरही घालतात.

बहिणीच्या बिलाचे पुढे काय झाले? भाच्याने चार वेळा फोन केला आणि इस्पितळाने ते एक तृतीयांशावर आणले. स्कॅन तोच, रात्र तीच. उरलेले दोन तृतीयांश कशाचे होते, हे त्याला कोणी सांगितले नाही. फोन करायला ज्याच्याकडे वेळ नाही किंवा इंग्रजी नाही, तो मात्र सगळे भरतो.