सुटका कोणाची? दयामरणाच्या निकालांचं एक वाचन

आपल्याकडे वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेलं माणूस गेलं की लोक म्हणतात, 'सुटला बिचारा.' पण सुटलं नेमकं कोण? गेलेला, की त्याचं करणारे? दयामरणावरचे निकाल वाचताना हा प्रश्न आमची पाठ सोडत नाही.

आधी शब्द बघू. 'इच्छामरण' आणि 'दयामरण' आपण सर्रास एकाच अर्थानं वापरतो. पण इच्छा ज्याची त्याची असते, दया दुसऱ्याची. अरुणा शानबाग प्रकरणात हा फरक उघडा पडला. 1973 साली केईएम रुग्णालयात झालेल्या हल्ल्यानंतर ही परिचारिका स्वतःची इच्छा सांगू शकत नव्हती. पिंकी विराणी यांनी तिच्या वतीनं अर्ज केला, केईएमच्या परिचारिकांनी विरोध केला. 7 मार्च 2011 रोजी सर्वोच्च न्यायालयानं अर्ज फेटाळला. मात्र उच्च न्यायालयाच्या परवानगीनं जीवरक्षक उपचार थांबवण्याची वाट मोकळी केली. इतकी वर्षं पडून राहूनही तिच्या पाठीला जखम झाली नव्हती. न्यायालयानं या सेवेचं मनापासून कौतुक केलं. आमची तक्रार इथंच आहे: कौतुक झालं, पण अशी सेवा हा रुग्णाचा हक्क आहे, असं काही ठरलं नाही.

2018 च्या निकालानं सन्मानानं मरण्याचा हक्क मान्य केला, 2023 मध्ये वैद्यकीय इच्छापत्राची पद्धत सोपी झाली. याला आमचा विरोध नाही. नको असलेल्या व्हेंटिलेटरला 'नाही' म्हणता आलंच पाहिजे. आक्षेप आहे तो या चर्चेत शिरणाऱ्या एका गृहीतकाला: दुसऱ्याच्या हातानं जेवावं लागलं की सन्मान संपला! आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातच, वरोऱ्याला, बाबा आमट्यांनी 1949 साली महारोगी सेवा समिती काढली. ज्यांना 'मेले तर सुटतील' म्हणत होते, त्यांनी आनंदवन उभं केलं. त्यांना दया नको होती, काम हवं होतं.

आता 1986 चा मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल घ्या. अपघातानंतर मानसिक आजार जडलेल्या एका पोलीस शिपायानं महापालिकेच्या कार्यालयात आत्महत्येचा प्रयत्न केला होता. न्यायालयानं कलम 309 घटनाबाह्य ठरवलं. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते पुन्हा वैध ठरवलं. कायद्याच्या पुस्तकांत चर्चा होते ती मरण्याच्या हक्काची. पण तो माणूस तिथं गेला होता कशाला? बायकोच्या भाजीच्या गाड्याचा परवाना मागायला!

कॅनडानं 2021 साली, मृत्यू जवळ नसलेल्यांनाही वैद्यकीय मदतीनं मरण खुलं केलं. 2025 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क समितीनं ती तरतूद मागं घ्यायला सांगितलं. आपल्याकडे तसा कायदा नाही. पण तो मागणाऱ्यांनी एकदा गडचिरोलीकडे बघावं. आपल्या नियमात दोन वैद्यकीय मंडळं आहेत, प्रत्येकात तीन डॉक्टर. आणि पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद! जिथं उपचारापर्यंत पोचणंच कठीण, तिथं उपचार नाकारायचा हक्क कागदावरच राहतो.

म्हणून आमचं म्हणणं साधं आहे. एखादा अपंग माणूस 'मरू द्या' म्हणाला, तर त्याचं ऐकाच. पण आधी विचारा: वेदना थांबवणारं औषध मिळतं का, चाकाची खुर्ची आहे का, रात्री कूस बदलायला कोणी आहे का? हे काहीच न देता त्याच्या होकारावर सही घेतली, तर ती त्याची इच्छा म्हणायची कशी? ती आपलीच सुटका.