लेखणीचे आकारमान आणि तिचे अंतरंग

वाङ्मयाच्या परीक्षणात आकार आणि आशय यांचा संबंध हा एक जुना वादविषय आहे. आशयातून जो आकार अपरिहार्यपणे उभा राहतो तो सुंदर, आणि आशयावाचून जो फुगतो ते केवळ अवडंबर, असा निर्णय काव्यनाटकांच्या बाबतीत आपण सहज देतो. परंतु ज्या साधनाने हे वाङ्मय लिहिले जाते, त्या फाउंटन पेनास हा निकष कोणी लावीत नाही. मुलगा पदवीधर झाला किंवा वडील सेवानिवृत्त झाले म्हणजे एखादे भारी किंमतीचे पेन भेट द्यावे, ही चाल आता कित्येक सुशिक्षित घरांत दिसते. ते पेन पाहिले जाते, खिशाला लावले जाते आणि पुष्कळदा कपाटात जाऊन पडते. तेव्हा मोठे पेन मोठे कशासाठी, हा प्रश्न क्षुल्लक मानण्याचे कारण नाही.

पेनाचा आशय म्हणजे त्याच्या पोटातील शाई. ती आत घेण्याच्या रीती मोजक्याच आहेत. सर्वांत जुनी व सर्वांत साधी रीत म्हणजे आटे फिरवून दांडा उघडावा आणि ड्रॉपरने शाई ओतावी. येथे दांडा हीच दौत. पुढे रबरी पिशवी आली. ती दाबण्यासाठी अमेरिकेत शेफर यांनी १९०८ साली तरफेचे पेटंट घेतले, व पार्करच्या १९२१ सालच्या ड्युओफोल्डमध्ये तेच काम शेपटाकडील कळ करू लागली. १९२९ साली जर्मनीच्या पेलिकन कंपनीने पिशवी काढून टाकून दट्ट्या आणला. मागची मूठ फिरविली की दट्ट्या मागे सरतो व शाई वर ओढली जाते. जपानच्या पायलट कंपनीच्या कस्टम ८२३ या पेनात दट्ट्याच्या एकाच रेट्याने पोकळी निर्माण होऊन दांडा भरतो. शेवटची रीत आयत्या शाईनळीची, अथवा तिच्या जागी बसणाऱ्या व पुनःपुन्हा भरता येणाऱ्या लहान पिचकारीची.

या रीतींची तुलना शाईच्या मापाने केली तर मौज दिसते. पिचकारीत एक मिलिलिटरहूनही कमी शाई मावते, दट्ट्याच्या पेनात सव्वा ते दीड, आणि ड्रॉपरच्या मोठ्या पेनात तीन किंवा त्याहून अधिक. म्हणजे जी रीत सर्वांत स्वस्त, तिचाच आशय सर्वांत भरघोस.

आता आकाराकडे वळू. माँब्लाँचे १४९ हे पेन १९५२ पासून प्रतिष्ठेची खूण होऊन बसले आहे. त्याचे नावच त्याचे वर्णन आहे: पहिला अंक श्रेणीचा, चार हा दट्ट्याचा, आणि नऊ हा निबेच्या आकाराचा. त्या निबेवर ४८१० हा आकडा कोरलेला असतो. ती माँब्लाँ शिखराची मीटरमधील उंची. लेखनाच्या साधनावर पर्वताची उंची कोरण्याचे प्रयोजन लेखनाशी फारसे नाही, एवढे नमूद करून आम्ही पुढे जातो. पेलिकनचे उदाहरण अधिक बोलके आहे. त्यांचे एम ४०० हे सुमारे १२७ मिलिमीटर लांबीचे, पंधराएक ग्रॅम वजनाचे पेन; एम १००० हे सुमारे १४७ मिलिमीटरचे व वजनाने दुपटीहून अधिक. पण दोहोंच्या पोटातील शाई जवळजवळ सारखीच! वाढलेल्या वजनाचा मोठा वाटा मागच्या पितळी यंत्राचा आहे, व त्यामुळे तोल बोटांकडे न राहता मागे झुकतो. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की एम १००० ची रुंद, लवचीक निब अक्षराला जो डौल देते, तो धाकट्याला देता येत नाही. त्याची थोरवी असलीच तर ती निबेत आहे, दांड्यात नाही.

जपानची दोन पेने शेजारी ठेवली म्हणजे आमचा मुद्दा पुरता स्पष्ट होईल. सेलरचे ‘किंग ऑफ पेन’ नावाप्रमाणे राजेशाही, हातात भरणारे. पण आत पाहावे तर तीच बोटभर पिचकारी. प्रशस्त वाड्यात पाण्याचा एकच तांब्या भरून ठेवावा, तशातला हा प्रकार. याउलट नामिकीचे ‘एम्परर’ याहूनही मोठे व लाखाहून अधिक किंमतीचे. परंतु ते भरले जाते ड्रॉपरने, आणि त्याचा अख्खा दांडा शाईने भरलेला असतो. शाई अकारण पाझरू नये म्हणून मागे झडप आहे, इतकाच फरक. बाहेरची लाखेची कलाकुसर वगळली तर हे पेन आपल्याकडील साध्या एबोनाइटच्या पेनाचेच सख्खे भावंड आहे.

त्या देशी पेनाच्या जाडीलाही कारण आहे. ड्रॉपरच्या पेनात शाई निम्मी झाली की उरलेल्या जागेत हवा भरते; हाताच्या उबेने ती प्रसरण पावते आणि जिभेतून शाईचा थेंब कागदावर ढकलते. आमच्या अकलूजसारख्या, वैशाखात पारा चाळिशीपार नेणाऱ्या गावी हा दोष दुणावतो. एबोनाइट, म्हणजे गंधकाने कठीण केलेले रबर, हे उष्णतेचे मंद वाहक आहे. भिंत जितकी जाड तितकी ऊब आत उशिरा पोचते. शाई मावावी म्हणून पोट मोठे, आणि ऊब अडावी म्हणून भिंत जाड. कातारी लेथवर जो आकार काढतो, तो असा गरजेतून आलेला असतो. शिवाय बिघाडाचा विचार करा. दट्ट्या अडला तर तालुक्याच्या गावी तो उघडणारा कोण मिळणार? ड्रॉपरच्या पेनास आट्यांवर थोडे सिलिकॉन ग्रीस आणि धुण्यास स्वच्छ पाणी एवढे पुरते.

या वादात गांधीजींच्या नावाची दोन पेने जणू साक्षीला उभी आहेत. मुंबईत १९३१ साली दांडेकरांनी घोडा छाप शाईच्या पुडी व वड्यांनी देशी शाईचा उद्योग आरंभिला. त्याच सुमारास राजमहेंद्रीस के. व्ही. रत्नम देशी पेन घडवीत होते. १९३५ साली त्यांचे पेन कुमाराप्पांच्या हस्ते गांधीजींकडे वर्ध्यास पोचले. गांधीजींनी ते वापरून पाहिले, आणि बाजारातील परदेशी पेनांस हा चांगला पर्याय दिसतो, अशा आशयाचे पत्र रत्नम यांस पाठविले. दुसरे पेन २००९ सालचे. दांडीयात्रेच्या २४१ मैलांची आठवण म्हणून माँब्लाँने सोन्याची २४१ पेने काढली. चरख्याच्या सुताचे स्मरण म्हणून वर सोन्याची तार गुंडाळलेली, निबेवर महात्म्याची मूर्ती, आणि किंमत दहा लाखांहून अधिक. प्रकरण न्यायालयात गेले व २०१० साली भारतातील विक्री थांबविण्यात आली. एका पेनाने गांधीजींनी लिहिले. दुसऱ्यावर गांधीजी कोरले गेले. आशय आणि अवडंबर यांतील अंतर याहून थोडक्यात सांगता येईल असे आम्हांस वाटत नाही.

यावरून महाग पेन घेऊच नये, असा कर्मठ निष्कर्ष आम्ही काढीत नाही. सुबक कारागिरीस मोल असतेच, आणि उत्तम निबेचा आनंद लिहिणाऱ्यालाच ठाऊक. आमचे म्हणणे एवढेच की, भेट देणाऱ्याने तीन प्रश्न विचारावेत: ज्याला द्यावयाचे त्याच्या हाताला ते पेन तासभर पेलेल काय, त्यात मावणारी शाई त्याच्या आकाराला साजेशी आहे काय, आणि ते बिघडल्यास त्याला स्वतःला उघडता येईल काय. या तिन्हींची उत्तरे होकारार्थी आली तर किंमत शंभर रुपये असो वा लाख, ते पेन मोठेच म्हणावयाचे. अन्यथा ते टोपणासकट एक दागिना ठरते. आणि दागिन्याची परीक्षा सराफाने करावी, लेखकाने नव्हे.